जुनी चिनी कोरीव काच : खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक वस्तू हातात घेताच ती उलटी करून बुडावरची चिनी अक्षरे शोधतात. ही सवय वाईट नाही. मात्र या काचेच्या बाबतीत त्या अक्षरांवर, म्हणजे बादशहाच्या नावाच्या शिक्क्यावर, सर्वांत शेवटी विसंबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाजारात ‘पेकिंग काच’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कलेला मोठा राजाश्रय मिळाला तो १६९६ साली. त्या वर्षी कांग्शी बादशहाने पेकिंगमध्ये दरबारी काच-कारखाना काढला आणि त्याचे काम किलियन स्टुम्फ या जर्मन जेझुइट पाद्र्याकडे सोपवले. शांतुंग प्रांतातील बोशान हे काचेचे जुने केंद्र असल्याने कच्ची काच आणि कारागीर तेथून येत. पुढे च्यानलुंग बादशहाच्या काळात (१७३६–१७९५) ही कला ऐन भरात होती, आणि नेमक्या याच कारणाने त्याच्या नावाचा शिक्का नंतरच्या असंख्य वस्तूंवर कोरला गेला. कुठे तो आदराने कोरला आहे, कुठे निव्वळ लबाडीने.

म्हणून आधी कोरीवकाम पाहावे. तपकिरीची दुरंगी कुपी घ्या : दुधी काचेवर लाल काचेचा थर चढवून, नंतर फिरत्या चाकाने आणि घर्षक पुडीने तो नको तेथे घासून काढलेला असतो, म्हणजे काम काचेचे असले तरी हात जेड हा कठीण शोभेचा दगड घडवणाऱ्याचा. दहा पट भिंगातून पाहिल्यास पाकळीची कड धारदार दिसते, आणि पाकळीभोवतीची दुधी जमीन सपाट करून झिलई दिलेली आढळते. आम्लाने खाल्लेल्या किंवा साच्यात दाबलेल्या नकलेत हीच कड साबणाच्या वडीसारखी बोथट असते. बुडावरचे ओरखडे वेडेवाकडे, कमीजास्त खोल असावेत. एकाच दिशेने गेलेले ओरखडे बहुधा मुद्दाम पाडलेले असतात. बुडावर रोमन लिपीत ‘चायना’ असे असल्यास ती वस्तू १८९१ नंतर निर्यातीसाठी केलेली समजावी, कारण त्या सुमारास अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. अशा वस्तूही सुंदर असतात. फक्त किंमत त्या मानाने द्यावी.

सुरुवातीच्या दरबारी काचेत क्षाराचे प्रमाण जास्त पडल्याने काही वस्तूंत जाळीसारख्या बारीक भेगा पडतात आणि दमट हवेत पृष्ठभाग चिकट होतो. मुंबई-कोकणातील पावसाळा अशा काचेस घातक आहे. पण अतिकोरडी हवाही भेगा वाढवते, त्यामुळे कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या मनमानी ठेवू नयेत. ही काच धुऊ नये, मऊ कुंचल्याने झटकावी.

कुपीच्या बुचाला जोडलेला चिमुकला चमचा पुष्कळदा हस्तिदंती असतो. हस्तिदंताचा व्यापार भारतात कायद्याने बंद असल्याने आम्ही तसा चमचा असलेली कुपी विकत घेत नाही आणि विकतही नाही. आमच्याकडील कुप्यांना बांबूचा चमचा असतो, आणि तो नंतर बसवलेला असल्याची नोंद बिलावर केलेली असते.