घरगुती ओव्हनची आतील स्वच्छता व निगा (खान्देश)

ओव्हनच्या पोकळीत साचणारा तेल, तूप, साखर व पिठाचा जळका थर काढणे आणि तो काढताना आतला पत्रा, तापणाऱ्या सळ्या, दाराची काच यांना इजा होऊ न देणे, असे या कामाचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागाकडे सहसा दुर्लक्ष होते. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांच्या खान्देशात ओव्हन घरात येतो तो केकच्या हौशीने, आणि चार-सहा महिन्यांत बट्टी (कणकेचे भाजलेले गोळे) व भरिताच्या कामाला लागतो. त्यामुळे स्वच्छतेची पाश्चात्त्य पद्धतीची माहितीपुस्तिका इथे अर्धीच उपयोगी पडते. ती मांस भाजताना उडणाऱ्या चरबीचा विचार करून लिहिलेली असते. इथला मळ वांग्याच्या रसाचा, तुपाचा आणि काळ्या मसाल्यासाठी भाजलेल्या खोबऱ्याच्या तेलाचा असतो.

घरांत मुख्यत्वे तीन प्रकारची साधने दिसतात : सळ्यांवर चालणारा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), कन्व्हेक्शनची म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवण्याची सोय असलेला मायक्रोवेव्ह आणि गॅसच्या बर्नरवर ठेवायचा ॲल्युमिनियमचा गोल तंदूर. भिंतीत बसवलेले, आतून काचमुलामा (इनॅमल) दिलेले मोठे ओव्हन शहरांतल्या नव्या फ्लॅटमध्ये क्वचित आढळतात. तिन्हींचा पत्रा वेगळा, म्हणून साफ करण्याची रीतही वेगळी.

मळ कसा बसतो

तेलाचा पातळ थर हवेत तापत राहिला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. आधी पिवळसर, बोटाला चिकटणारा थर दिसतो. पुढच्या दोन-चार भाजण्यांत तो तपकिरी व टणक होतो आणि शेवटी काळा कोळसा उरतो. कढईच्या बाहेरून कडेला बसणारे चिवट पुट हाच प्रकार आहे. या अवस्थेत ते मुळी तेल राहिलेलेच नसते, म्हणून साध्या साबणाच्या पाण्याने निघत नाही. पिवळा थर मात्र कोमट साबणपाण्याने मिनिटभरात पुसला जातो. ओव्हन वापरल्यावर कोमट असतानाच आतून एकदा फडके फिरवण्याचा आग्रह धरला जातो, तो यासाठी.

खोबऱ्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या 60 टक्क्यांहून अधिक तेल असते. शेवभाजीच्या मसाल्यासाठी खोबऱ्याचे काप जाळीवर थेट पसरले तर तेल सुटून खालच्या सळ्यांवर टपकते, धूर होतो आणि तो धूर वरच्या पत्र्यावर बसतो. छत काळे झाल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथे वाकून पाहावे लागते. काप कडा असलेल्या ट्रेमध्ये भाजले तर हा सगळा प्रश्न उद्भवतच नाही.

भरिताचे वांगे त्याहून खोडकर. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फिकट हिरवी, मोठी, गराने भरलेली ही वांगी शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात, आणि ती चव ओव्हनला येत नाही हे खान्देशात कुणीही सांगेल. तरी तिसऱ्या मजल्यावर पऱ्हाट्या पेटवता येत नाहीत. ओव्हनमध्ये वांग्याला टोचे मारले नाहीत तर आतल्या वाफेने ते फुटते आणि गर सळ्यांपासून काचेपर्यंत उडतो. टोचे खालच्या बाजूला मारले तर रस गळतो. या रसात साखर असते. ती तापलेल्या पत्र्यावर आधी करपते, मग काचेसारखी घट्ट बसते. म्हणून टोचे देठाजवळ, वरच्या अंगाला मारावेत आणि जाळीखाली ट्रे ठेवावा. वांग्याला तेल चोळायचे ते बोट फिरवण्यापुरतेच.

बट्टीचा त्रास निराळा आहे. तिचे तूप बाहेर, ताटात पडते. आत पडतो तो चुरा आणि ओवा. खालच्या ट्रेमध्ये साठलेला हा चुरा पुढच्या वेळी जळून वास मारतो आणि मधल्या काळात झुरळांना व मुंग्यांना बोलावतो. ट्रे बाहेर ओढून झटकण्याला अर्धे मिनिट लागते.

साफ करण्याची रीत

प्लग काढून ओव्हन हाताला सोसेल इतका निवू द्यावा. तापलेल्या दाराच्या काचेवर ओले फडके लावल्यास ती तडकू शकते. जाळ्या व ट्रे बाहेर काढून गरम पाण्यात भिजत घालाव्यात. त्या स्टीलच्या असतील तर पाण्यात धुण्याचा सोडा टाकावा. अल्क (अल्कली, इथे सोडा) आणि स्निग्ध पदार्थ यांच्या संयोगातून साबण तयार होतो. पूर्वी चुलीची राख घेऊन भांडी घासत, तेव्हा राखेतले अल्क हेच काम करत असे. ॲल्युमिनियमला मात्र हा सोडा चालत नाही. तो धातूला खातो आणि काळे डाग पाडतो. गॅसवरचा तंदूर म्हणूनच भांड्यांच्या साबणानेच धुवावा, आणि काळवंडलाच तर चिंचेच्या कोळाने किंवा लिंबाने उजळावा.

काचमुलामा दिलेल्या आतल्या भिंतींवर खाण्याचा सोडा व पाणी यांचा दाटसर लेप लावून रात्रभर ठेवावा. सकाळी ओल्या फडक्याने पुसताना मळ लेपाबरोबर निघून येतो. कुठे राहिलाच तर प्लॅस्टिकच्या उलथन्याने खरवडावा. इथे जोर नव्हे, वेळ काम करतो. तारेची घासणी वापरली तर मुलाम्यावर ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्या ओरखड्यांत अधिक घट्ट रुततो. ओटीजीच्या आत बहुधा ॲल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा असतो. त्यावर लेप रात्रभर ठेवू नये, पत्रा काळा पडतो. तिथे साबणपाण्यात पिळलेले फडके पुन्हा पुन्हा दाबून धरणे पुरते.

सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढण्याची युक्ती फार लोकप्रिय आहे. फेस दिसतो जोरकस, पण त्यात अल्क आणि आम्ल एकमेकांना संपवतात. उरते ते मुख्यतः सोडियम ॲसिटेट व पाणी, आणि उडून जातो कार्बन डायऑक्साइड. व्हिनेगरचे खरे काम वेगळ्या ठिकाणी आहे. खान्देशात अनेक घरांत बोअरचे जड पाणी येते. त्याने पुसलेल्या काचेवर व पत्र्यावर क्षारांचे पांढरे ओघळ उमटतात, ते पातळ केलेल्या व्हिनेगरने जातात. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याने फिरवला तर ते उमटतच नाहीत.

सळ्यांना हात लावू नये. त्यांच्यावरचे शिंतोडे तापल्यावर आपोआप जळून जातात. धातूच्या सळईत आतली तार आणि बाहेरचे आवरण यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती वीजरोधक आहे, पण टोकांशी ओल शिरली तर ती ओलावा धरते. मग ओव्हन लावताच घरातली वीज सुरक्षा स्विचमुळे बंद पडते आणि दोष वायरिंगला दिला जातो. पावसाळाभर बंद राहिलेला ओव्हन म्हणून पहिल्यांदा मंद आचेवर, रिकामाच, पंधरा-वीस मिनिटे तापवावा. मायक्रोवेव्ह रिकामा चालवायचा नसतो, त्याला हा उपाय लागू नाही.

मायक्रोवेव्हच्या आत भिंती फारशा तापत नाहीत, त्यामुळे मळ वाळतो पण सहसा जळत नाही. वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून ते उकळू द्यावे आणि दार पाच मिनिटे बंद ठेवावे, म्हणजे वाफेने तो सुटतो. वाटीत लाकडी चमचा ठेवावा. नितळ पाणी कधी कधी उकळी न दाखवता उत्कलनबिंदूच्या वर तापते आणि वाटी हलवताच अंगावर उसळते. आतल्या एका भिंतीवर अभ्रकाचा पातळ, पुठ्ठ्यासारखा पत्रा असतो. मायक्रोलहरी त्यातून आत येतात. अनेकजण तो कचरा समजून ओढून काढतात. तो काढू नये, ओल्या फडक्याने हलकेच पुसावा. त्यात तेल मुरले तर ठिणग्या उडू लागतात. अशा वेळी वापर थांबवून तो बदलून घ्यावा.

बाजारातले फवारे

ओव्हन साफ करणाऱ्या तीव्र फवाऱ्यांत सामान्यतः कॉस्टिक सोडा असतो. काचमुलाम्यावर तो प्रभावी ठरतो, पण ओटीजीच्या पत्र्यावर, ॲल्युमिनियमवर व सळ्यांवर मुळीच मारू नये. हातमोजे व चष्मा घालावा, खिडकी उघडी ठेवावी, नंतर ओल्या फडक्याने अनेकदा पुसावे. परदेशी बनावटीच्या काही ओव्हनांत 450 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापून मळाची राख करण्याची सोय असते. मे महिन्यातल्या भुसावळात ती कुणी लावेल असे वाटत नाही.

मोसम

चातुर्मास पाळणाऱ्या घरांत वांगे चंपाषष्ठीपर्यंत वर्ज्य असते. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि थंडीभर भरिताचा हंगाम चालतो. ओव्हनचा मोठा मळ त्यामुळे मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळातला असतो. आतून नीट धुऊन काढायची सोयीची वेळ होळीच्या सुमाराची. दुसरी वेळ कानबाईच्या, म्हणजे या खान्देशी देवीच्या उत्सवाच्या, आधीची. श्रावणात कानबाई बसण्यापूर्वी सगळे घर झाडून-धुऊन काढले जाते, पण ओट्यावरचा ओव्हन बाहेरून पुसून तसाच सोडला जातो. त्याच वेळी दार उघडून आतली ओल, चुरा व झुरळांची अंडी पाहून घेतली तर दिवाळीच्या नानकटाईला गेल्या हिवाळ्यातल्या वांग्याचा वास येत नाही.

बंद ठेवताना दार बोटभर उघडे ठेवावे की घट्ट लावावे, यावर घरोघरी दोन मते आहेत. पावसाळ्यात कुबट वास नको म्हणून उघडे ठेवणे बरे, पण मग उंदीर-पाली शिरू नयेत म्हणून वरून कापड टाकावे, आणि ओव्हन लावण्याआधी ते आठवणीने काढावे.