मुलाच्या नावाचं खातं आणि मुलानं चालवायचं खातं

‘मुलाचं खातं काढायचंय’ एवढंच काउंटरवर सांगितलं, तर समोरचा कर्मचारी त्याच्या सवयीचा फॉर्म पुढे करतो. १८ वर्षांखालच्यांसाठी बचत खाती दोन प्रकारची असतात आणि दोन्ही पासबुकांवर नाव मुलाचंच असतं. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

पहिला प्रकार घरोघरी माहीत आहे: कुठल्याही वयात निघतं, मुलाच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मुलाच्या वतीनं व्यवहार करणारा पालक) म्हणून आई किंवा वडील. दुसरं खातं १० वर्षं पूर्ण झालेल्या मुलानं स्वतः चालवायचं. स्टेट बँकेत ही दोन अनुक्रमे ‘पहला कदम’ आणि ‘पहली उड़ान’. इतकी सारखी नावं ठेवल्यावर लोक चुकीचा फॉर्म भरणारच. पोस्टातही हीच विभागणी आहे.

व्याजदर, किमान शिल्लक, कार्डावरचं चित्र यांवर तासभर चर्चा करू नका. विचारायचं एकच: पैसे काढण्याच्या स्लिपवर सही कोणाची चालणार?

पहिल्या खात्यात पालकाच्या सहीशिवाय पान हलत नाही. आठवीतली मुलगी पासबुक घेऊन एकटी गेली, तर हात हलवत परत येईल. दुसऱ्यात नेमकं उलटं. तिथे सही तिची, त्यामुळे तिच्या खात्यातून वडिलांना परस्पर पैसे काढता येत नाहीत. भरायला मात्र कोणीही भरावेत. ‘मी बाप आहे’ हा युक्तिवाद तिथे गैरलागू आहे, आणि खातं मुलाचं असण्याचा अर्थच तो आहे.

म्हणून आजीनं दिलेली मोठी रक्कम आणि मुदत ठेव पहिल्या खात्यात. खाऊचे पैसे, बक्षिसं, बसपासचा खर्च दुसऱ्यात. आठवीपासून दुसरं खातं काढावंच आणि त्यासाठी पहिलं बंद करू नये, असं माझं ठाम मत आहे. मूल दहा वर्षांचं झालं म्हणून पहिलं खातं आपोआप त्याच्या हाती जात नाही. वेगळा अर्ज लागतो.

दुसऱ्या खात्यात अडतं ते सहीपाशी. कोवळ्या वयात सही दर महिन्याला बदलते आणि न जुळणारी स्लिप परत येते. नमुना देण्याआधी एकच सही आठवडाभर गिरवून घ्या. मराठीतली चालते. इंग्रजीत झोकदार फराटे मारायला लावू नका, ते पुन्हा तसेच येत नाहीत.

एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं दहा वर्षांवरच्यांना स्वतंत्र खातं देण्याची मुभा बँकांना दिली आहे, सक्ती केलेली नाही. शिल्लक, कार्ड, मोबाइल बँकिंग यांच्या मर्यादा प्रत्येक बँक स्वतः ठरवते, तेव्हा आधीच विचारून घ्या. त्याच परिपत्रकानुसार आईलाही पालक म्हणून खातं काढता येतं. तरीही ‘वडिलांना घेऊन या’ ऐकावं लागलं, तर शाखाधिकाऱ्याकडे परिपत्रकाचं नाव घ्या.

मुलाच्या खात्यातलं व्याज करमुक्त असतं, हा गैरसमज काही केल्या जात नाही. खातं कोणीही चालवो, ते व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. मुलानं स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेली कमाई तेवढी वेगळी.

आधार जोडताना थांबा. आधारवर येणारी शिष्यवृत्ती, आधार सर्वांत शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला (मॅप झाला) त्या बँकेत जाते. नव्या खात्याच्या फॉर्मसोबत आधार जोडण्याच्या संमतीवरही सही केलीत, तर पैसे शाळेला दिलेल्या जुन्या खात्यात येणं थांबेल.

अठरा पूर्ण झाल्यावर पालकाचा अधिकार संपतो. दोन्ही खात्यांना नवी नमुना सही लागते आणि केवायसीची कागदपत्रंही तयार ठेवावीत. हे राहिलं की पैसे काढणं अडतं, तेही नेमकं बारावीनंतरच्या प्रवेशाची फी भरायच्या दिवशी. वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात शाखेत जाऊन या.