ऑनलाइन गावकरीची पार्श्वभूमी

संकेतस्थळाभोवती माणसं जमवायला घेतली की पहिला प्रश्न हमखास येतो: नियमावली कुठून आणायची? गोव्याला हा प्रश्न नवा नाही. इथली गावकरी, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणारी गावसंस्था, खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतांचे) बांध राखत होती, मानशीची (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारं भरती-ओहोटी बघून चालवत होती, आणि हे सारं चालीरीतीवर. ते कागदावर आलं 1526 साली, पोर्तुगीज महसूल अधिकारी आफोन्सो मेशिया याच्या ‘फोराल’ या सनदेमध्ये, तेही तिसवाडी या भागापुरतं. गावकरांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. नव्या सत्तेला सारा वसूल करायचा होता, म्हणून रीत लिहून घेतली गेली.

इंटरनेटवरही तेच झालं. 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांच्या डोक्यातून यूझनेट, म्हणजे विषयवार चर्चांचं संगणकी जाळं, निघालं. दर सप्टेंबरात कॉलेजांत नवी मुलं येत, गोंधळ घालत, आणि जुनी मंडळी कान धरून त्यांना वळण लावत. मग 1994 मध्ये ‘अमेरिका ऑनलाइन’ या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने आपल्या ग्राहकांना यूझनेटचं दार उघडून दिलं आणि लोंढा थांबेचना. त्याआधीचा, 1993 चा सप्टेंबर अजून संपलेलाच नाही, अशी जुन्यांची कुरकुर त्या सुमाराची. 1995 च्या ऑक्टोबरात नेटवर कसं वागावं याचा लेखी दस्तऐवज आलाच. मला त्यात मेशियाचा फोराल दिसतो.

कॅलिफोर्नियातल्या ‘द वेल’ या ऑनलाइन चर्चामंचाने 1985 मध्येच वेगळी वाट धरली होती. प्रत्येक विषयाला एक यजमान, आणि आपल्या शब्दांची जबाबदारी आपली.

मराठीत ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 चं, मराठी विकिपीडिया 2003 चा. ऑर्कुटवरही कट्टे भरले, पण 2014 मध्ये गूगलने ते बंद केलं आणि कट्टेही मोडले. दुसऱ्याच्या भाटात (मालकीच्या जमिनीत) घर बांधलं की मुंडकाराला, म्हणजे तिथे राहणाऱ्या कुळाला, हे भोगावंच लागतं.

आता गावागावात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, आणि कुणी भलतंसलतं टाकलं की आधी अ‍ॅडमिनचा घाम निघतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं, की सामायिक हेतू नसेल तर सदस्याच्या मजकुराचा गुन्हा अ‍ॅडमिनवर येत नाही. उच्च न्यायालय गोव्याचंही तेच. संकेतस्थळवाल्यांसाठी मात्र त्याच वर्षी केंद्राचे नियम आले: तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करा, तक्रारीची पोच 24 तासांत द्या, निकाल, तेव्हाच्या मुदतीप्रमाणे, 15 दिवसांत लावा. कागद पुन्हा बाहेरूनच आला.