दाताला वाट करून देणारे हाड: पारदर्शक अलाइनरमागचे विज्ञान

वेडेवाकडे दात सरळ करून घेण्यासाठी पारदर्शक अलाइनरचा, म्हणजे दातांवर बसवायच्या प्लास्टिकच्या पातळ साच्यांचा, विचार करणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे पहिले दोन प्रश्न बहुधा ठरलेले असतात. घातलेले अलाइनर इतरांना दिसतात का, आणि उपचाराला किती महिने लागतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: जवळून पाहिल्यास दिसतात, एरवी सहसा लक्षात येत नाहीत. दुसऱ्याचे उत्तर मात्र हिरडीच्या आत, दाताच्या मुळाशी दडलेले आहे. प्लास्टिकचा पातळ साचा दातावर दाब देतो हे खरे, पण दाताला नव्या जागी नेण्याचे काम त्या साच्याचे नसते. ते जबड्याच्या हाडातील पेशी करतात, आणि त्या आपल्या गतीने काम करतात. साचा कितीही महाग असला तरी ती गती फारशी बदलत नाही.

दाताचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. दोहोंमध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा एक मऊ थर असतो. त्याला परिदंत अस्थिबंध म्हणतात. कोलॅजनचे तंतू, सूक्ष्म रक्तवाहिन्या, मज्जातंतू, द्रव आणि अनेक प्रकारच्या पेशी या थरात दाटीवाटीने असतात. घास चावताना दातावर क्षणभर मोठा भार येतो, तो या थरातील द्रव आणि तंतू पेलतात व दात जागच्या जागी राहतो. पण हलका दाब तासन्‌तास टिकून राहिला, तर गोष्ट बदलते. द्रव हळूहळू बाजूला सरतो, मुळाच्या एका अंगाला अस्थिबंध दबतो आणि विरुद्ध अंगाला ताणला जातो. दबलेल्या बाजूचा रक्तप्रवाह कमी होतो, तिथल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात आणि काही दिवसांत तिथे अस्थिभंजक पेशी तयार होऊन हाड विरघळवू लागतात. ताणलेल्या बाजूला अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात. अशा रीतीने दात आपल्या खोबणीसकट सरकतो. हाडाचा हा दुहेरी व्यवहार स्वीडनमधील कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. पुढच्या शतकभरात या प्रक्रियेतील रेणूंची बरीच ओळख पटली, तरी मूळ चित्र तेच राहिले.

दाब वाढवला तर दात लवकर सरकेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटे घडते. १९३२ मध्ये श्वार्ट्झ या दंततज्ज्ञांनी असे मांडले की, दातावरचा दाब केशवाहिन्यांमधील रक्तदाबापेक्षा जास्त नसावा. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण २० ते २५ ग्रॅमच्या आसपास असावा. या आकड्यावर नंतर चर्चा झाली, पण त्यामागचे तत्त्व टिकले आहे. दाब फार झाला की रक्तवाहिन्या पूर्ण बंद होतात आणि त्या जागेतील पेशी मरतात. मग हाड काढून टाकण्याचे काम समोरून होऊ शकत नाही. शेजारच्या सजीव भागातून येणाऱ्या पेशींना ते मागच्या बाजूने पोखरावे लागते. ते पुरे होईपर्यंत दात अडून बसतो, दुखतो, आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून दात सरळ करण्याच्या शास्त्रात वापरले जाणारे बळ आश्चर्य वाटावे इतके अल्प असते: दात नुसता कलवायचा असेल तर सुमारे ३५ ते ६० ग्रॅम, आणि हाडाच्या दिशेने आत दाबायचा असेल तर अवघे १० ते २० ग्रॅम.

‘कलवणे’ आणि ‘सरकवणे’ यांतला फरक इथे समजून घ्यायला हवा, कारण अलाइनरचे बळ आणि दुबळेपण दोन्ही त्यात आहे. दाताचा जेमतेम वरचा भाग आपल्या हाती असतो. मूळ हाडात असते आणि दाताच्या हालचालीला होणाऱ्या विरोधाचे केंद्रही मुळातच, हाडाच्या कडेपासून काही मिलिमीटर खाली असते. वरच्या भागावर एका बाजूने दाब दिला की दात त्या केंद्राभोवती कलतो. वरचा भाग एकीकडे जातो, मुळाचे टोक दुसरीकडे. संपूर्ण दात उभाच्या उभा सरकवायचा असेल, तर दाबाच्या जोडीला त्याला कलू न देणारे दुसरे, विरुद्ध बळही लावावे लागते. तारेच्या ब्रेसेसमध्ये दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या खाचेत चौकोनी छेदाची तार बसते आणि हे दुसरे बळ देते. लवचीक प्लास्टिकच्या साच्याला ती पकड नैसर्गिकरीत्या मिळत नाही. ती मिळावी म्हणून दातांच्या पृष्ठभागावर दातांच्याच रंगाच्या कॉम्पोझिटचे छोटे उंचवटे चिकटवतात. त्यांना अटॅचमेंट म्हणतात. जाहिरातीतील गुळगुळीत दातांवर ते सहसा दिसत नाहीत, आणि ‘न दिसणारा उपचार’ ही कल्पना मनात धरून आलेली व्यक्ती पहिल्यांदा बिचकते ती इथेच.

साच्यांच्या मालिकेने दात हलवण्याची कल्पना संगणकाच्या आधीची आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतील दंतवैद्य हॅरोल्ड केसलिंग यांनी दातांचा प्लास्टरचा ठसा घेऊन त्यातील दात कापून वेगळे केले, मेणात हवे तसे पुन्हा मांडले आणि त्या मांडणीवर रबराचा साचा तयार केला. अशा साच्यांची मालिका केली तर मोठे बदलही साधता येतील, हे त्यांना दिसत होते. अडचण मेहनतीची होती, कारण प्रत्येक पायरीसाठी दातांची मांडणी नव्याने, हाताने करावी लागे. ती अडचण दोन तंत्रांनी दूर केली: त्रिमितीय प्रतिमा हाताळणारे संगणक, आणि १९८० च्या दशकात विकसित झालेले, प्रकाशाने राळ घट्ट करून वस्तू थराथराने घडवणारे मुद्रण. १९९७ मध्ये झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या दोघांनी ही तंत्रे एकत्र आणून अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांच्या ‘इनव्हिझलाइन’ या उत्पादनाला परवानगी दिली. दोघांपैकी कोणीही दंतवैद्य नव्हते. चिश्ती यांनी मात्र मोठेपणी ब्रेसेस लावून घेतल्या होत्या.

आज तोंडात छोटा कॅमेरा फिरवून दातांची त्रिमितीय प्रतिमा घेतात. संगणकावर प्रत्येक दात वेगळा केला जातो, त्याची शेवटची जागा ठरवली जाते आणि आताच्या जागेपासून तिथपर्यंतचा प्रवास लहान पायऱ्यांत विभागला जातो. प्रत्येक पायरीचा नमुना मुद्रित करून त्यावर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा ओढून बसवला जातो आणि हिरडीच्या कडेने कापला जातो. एका अलाइनरने एखादा दात सहसा जास्तीत जास्त ०.२५ मिलिमीटर सरकतो किंवा एक-दोन अंश फिरतो. हा आकडा अस्थिबंधाच्या जाडीशी किती जवळचा आहे, हे पाहण्यासारखे आहे. पायरी याहून बरीच मोठी ठेवली तर साचा एकतर दातावर नीट बसणार नाही किंवा अस्थिबंध चिरडेल. यावरून कालावधीचा अंदाज कोणालाही बांधता येतो. एखादा दात ४ मिलिमीटर सरकवायचा असेल, तर किमान १६ अलाइनर लागतील, आणि प्रत्येक दोन आठवडे वापरला तर ३२ आठवडे. काही दंतवैद्य दर आठवड्याला अलाइनर बदलायला सांगतात. पण ते प्रत्येक हालचालीला आणि प्रत्येक रुग्णाला मानवेलच असे नाही.

अलाइनर दिवसाचे २० ते २२ तास तोंडात असावा, असे सांगतात. या आग्रहामागे दोन कारणे आहेत. पहिले जैविक: अस्थिबंधातील पेशींना जागे करायला दाब सलग काही तास टिकावा लागतो, आणि तो वरचेवर काढला तर ताणलेले तंतू दाताला मागे ओढू लागतात. दुसरे कारण खुद्द प्लास्टिकचे आहे. अलाइनर पॉलियुरेथेन किंवा पीईटीजी यांसारख्या प्लास्टिकचे, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यापासून बनतात. असे पदार्थ ताणून धरले की त्यांच्यातील ताण आपोआप ओसरत जातो, आणि तोंडातील ऊब व ओल ही क्रिया वाढवतात. त्यामुळे नव्या अलाइनरचा दाब पहिल्या काही तासांतच झपाट्याने उतरतो. नवा अलाइनर घातल्यावर पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात आणि नंतर काही जाणवत नाही, त्याचा संबंध याच्याशीही आहे. पाणी सोडून काहीही खाता-पिताना तो काढायचा, दात घासून पुन्हा घालायचा. गरम पेयाने त्याचा आकार बिघडतो, आणि गोड पेय साच्यात अडकले तर लाळेला ते धुऊन काढता येत नाही; दात कित्येक तास साखरेत आणि आम्लात बुडून राहतात. गरम पाण्याने अलाइनर धुतला तरी त्याचा आकार बिघडतो.

आता पडद्यावरच्या त्या चित्रफितीविषयी. उपचार सुरू होण्याआधी आपलेच दात एकेक करून सरळ होताना दाखवणारी संगणकीय फीत पाहून बहुतेक जण होकार देतात. परंतु ती फीत म्हणजे साच्यांचा आराखडा आहे. हाड तसेच वागेल याची ती हमी नव्हे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समोरच्या दातांच्या योजलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात झाल्याचे आढळले. २०२० मध्ये, साहित्य आणि अटॅचमेंट सुधारल्यानंतर, सर्व दातांच्या अशाच मोजणीत हे प्रमाण ५० टक्के निघाले. याचा अर्थ निम्मे रुग्ण फसले असा नाही. पहिला संच संपल्यावर दातांची पुन्हा प्रतिमा घेऊन उरलेल्या कामासाठी नवा संच करावा लागतो, आणि हा या उपचाराचा अपवाद नसून नेहमीचा भाग आहे, असा त्याचा अर्थ आहे. जी व्यक्ती हे आधी सांगत नाही, तिच्या बाकीच्या आश्वासनांकडेही जरा सावधपणे पाहावे.

सगळ्या हालचालींत यश सारखे नसते. पुढच्या दातांची थोडी गर्दी, लहान फटी, बाहेर कललेले दात यांत अलाइनर चांगले काम करतात. सुळे आणि उपदाढा जवळजवळ गोलाकार असल्याने त्या फिरवताना साचा निसटतो. दात हाडातून बाहेर ओढणे किंवा मूळ मोठ्या अंतरावर सरकवणे त्याहून अवघड. अशा ठिकाणी तारेच्या ब्रेसेस अजूनही अधिक भरवशाच्या आहेत, आणि काही रुग्णांत दोन्हींचा मिलाफ करतात.

प्रौढांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी तपासल्याखेरीज पुढे जाऊ नये. वाढ थांबल्याने जबडा रुंद करण्याची किंवा खालच्या-वरच्या जबड्यांतील मोठी तफावत मिटवण्याची संधी गेलेली असते. टाळूच्या मधला सांधा घट्ट झालेला असतो, आणि फार मोठ्या दोषाला शस्त्रक्रियेचाच आधार घ्यावा लागतो. जागा कमी पडत असेल तर शेजारच्या दोन दातांमधले इनॅमल एकूण अर्धा मिलिमीटरपर्यंत घासून जागा करतात. इनॅमल पुन्हा तयार होत नाही, त्यामुळे हे मोजूनमापून करावे लागते. हिरड्यांचा आजार हा सर्वांत मोठा अडथळा. सूज आणि संसर्ग चालू असताना दातावर दाब दिला तर हाड वेगाने झिजते; आजार आधी आटोक्यात आणला तर मात्र हाड थोडे कमी असलेले दातही काळजीपूर्वक हलवता येतात. अशा दातांत विरोधाचे केंद्र मुळाच्या टोकाकडे गेलेले असते, म्हणून ते सहज कलतात आणि बळ आणखी हलके ठेवावे लागते. हिरडी खाली गेलेली असेल, तर गर्दी सुटल्यावर दातांच्या मधे हिरडीजवळ काळसर त्रिकोणी फट उघडी पडते; ही गोष्ट आधी कळलेली बरी. इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी बसवलेले कृत्रिम मूळ, हाडाशी थेट जुळलेले असते, त्याभोवती अस्थिबंध नसतो, त्यामुळे ते कधीच सरकत नाही. हाडांची झीज थांबवण्यासाठी दिली जाणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे अस्थिभंजक पेशींनाच रोखतात, म्हणून ती घेणाऱ्यांनी दंतवैद्याला तसे सांगणे अत्यावश्यक आहे.

हे सारे तपासायला तोंडात पाहावे लागते, दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजावी लागते, क्ष-किरण चित्रे घ्यावी लागतात. दवाखान्यात न जाता घरी ठसा घेऊन टपालाने अलाइनर मागवण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांचा मुख्य आक्षेप हाच होता. २०१४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या आणि या पद्धतीने मोठ्या झालेल्या ‘स्माइलडायरेक्टक्लब’ या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये अचानक कामकाज थांबवले, तेव्हा उपचार अर्ध्यावर असलेल्या ग्राहकांची पंचाईत झाली.

दात सरळ झाल्यावर शेवटचा अलाइनर काढून ठेवता येत नाही, कारण सगळे तंतू एकाच गतीने नव्या जागेशी जुळवून घेत नाहीत. अस्थिबंधाची पुनर्रचना तीन-चार महिन्यांत होते. हिरडीतील, दाताच्या मानेभोवतीचे लवचीक तंतू मात्र वर्षभरही ताणलेले राहू शकतात, आणि गोल फिरवून सरळ केलेला दात म्हणूनच सर्वांत आधी मागे वळतो. शिवाय खालच्या जबड्याच्या पुढच्या दातांची गर्दी वयानुसार वाढतच असते, अगदी ज्यांनी कधी उपचार घेतला नाही त्यांच्यातही. म्हणून रिटेनर, म्हणजे दातांना नव्या जागी धरून ठेवणारा साचा, सुरुवातीला दिवसरात्र आणि नंतर केवळ रात्री, तोही अनिश्चित काळ, घालायला सांगतात. काहींना दातांच्या आतल्या बाजूने बारीक तार चिकटवून देतात. काही रात्री न घालता रिटेनर पुन्हा घातला आणि तो घट्ट लागला, तर तेवढ्या अवधीत दात हलले आहेत असे समजावे. तो बसतच नसेल तर जोर न लावता दंतवैद्याला दाखवावे.