८० टक्क्यांची अट आणि 'प्रगत' शाळा : पार्श्वभूमी

मुलांच्या प्रगतीवरून शिक्षकाचे मोल ठरवावे का, हा वाद महाराष्ट्रात कागदावरून पगारापर्यंत पोहोचला तो २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने. बारा वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी (शिक्षकांच्या तोंडी अजूनही 'चटोपाध्याय', आयोगाच्या नावावरून) आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी यांसाठी तोवर मुख्यतः सेवा आणि ठरलेले प्रशिक्षण पाहिले जात असे. निवडश्रेणी मुळातच २० टक्के पदांपुरती. त्या दिवशी त्यात नव्या अटी शिरल्या. प्राथमिक शिक्षकाची शाळा 'प्रगत' असावी आणि शाळासिद्धीत, म्हणजे शाळांच्या मूल्यमापनात, तिला 'अ' श्रेणी असावी. माध्यमिक शिक्षकाच्या शाळेलाही 'अ' श्रेणी हवी, शिवाय नववी आणि दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर हवा.

वेतनश्रेणी अडली की पुढची प्रत्येक वेतनवाढ खालच्या पायरीवरून मोजली जाते, आणि निवृत्तिवेतनही. मोर्चे निघाले ते त्यासाठी. 'शिक्षकांना काम नको, पगार हवा' असा त्या मोर्चांचा अर्थ तेव्हा अनेकांनी लावला. तो सोयीचा होता, बरोबर नव्हता. भांडण मोजण्याशी नव्हते. काय मोजायचे याच्याशी होते.

इथे 'प्रगत' या शब्दापाशी थांबावे लागते, कारण सगळा गुंता त्यातच आहे.

२२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम जाहीर झाला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटातल्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या, तो हा काळ. फरशीवर रंगवलेली अक्षरे, मण्यांच्या माळा, काड्यांचे दशक-सुटे आणि प्रत्येकाच्या तोंडी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल अनुभवातून स्वतःच ज्ञान घडवते हा विचार. कार्यक्रमाचा कणा मात्र चाचण्यांचा होता : वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, मग सत्रांअखेरीस संकलित एक आणि संकलित दोन. मूल कुठे होते आणि कुठे पोचले हे कळावे, ही त्यामागची कल्पना. एरवी ज्याला वाढ मोजणे म्हणतात ते हेच, आणि कल्पना म्हणून ती चांगली होती.

पण शाळेला 'प्रगत' ठरवण्यासाठी २५ निकषांची यादी आली. तिचा रोख शाळा आज कुठे उभी आहे याकडे होता. ती कुठून निघाली, हा प्रश्न मागे पडला. 'प्रगती' ही क्रिया, 'प्रगत' ही अवस्था. एक प्रत्यय बदलला आणि मोजपट्टीच बदलली. तसे पाहिले तर ही चूक आपल्या घरातही जुनीच आहे. प्रगतिपुस्तक म्हणून आपण वर्षानुवर्षे जे सही करून परत पाठवले, त्यात प्रगती कधी होती? गुण होते, शेरा होता आणि उपस्थितीचे दिवस होते.

फरक वर्गात कसा दिसतो? सहावीत आलेल्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नाहीत. 'प्रश्न' समोर आला की ते थबकते, शेजारच्याकडे बघते. एप्रिलपर्यंत ते चार ओळींचा परिच्छेद अडखळत वाचू लागते. सहावीच्या उत्तरपत्रिकेत तरीही ते नापासच्या जवळपासच राहणार. दुसऱ्या शाळेतले मूल घरून आणि शिकवणीतून तयार होऊन येते, वर्षभर जिथल्या तिथे राहते आणि ७५ टक्के मिळवते. २०१७ च्या अटींपुढे दुसरीच शाळा सरस ठरते. पहिल्या शिक्षकाचे वर्ष कुठल्याच रकान्यात बसत नाही. मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या गावांत तर याहून बिकट अवस्था. पायाभूत चाचणीला बसलेले पोर दिवाळीच्या सुमारास आई-बापासोबत कारखान्याच्या फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. त्याचे गुण कोणाच्या नावावर लिहायचे?

प्राथमिकसाठी 'प्रगत'सारखा शिक्का शोधावा लागला, कारण तिथे 'निकाल' उरलाच नव्हता. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवणे बंद झाले आणि २०१० पासून एका परीक्षेऐवजी वर्षभर चालणारे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. शाळासिद्धी हीसुद्धा मुळात स्वयंमूल्यमापनाची चौकट : सात क्षेत्रे, ४६ मानके, शाळेने स्वतःकडे बघून भरायची. सुधारणेसाठी बनवलेला आरसा पगारासाठी वापरला की माणूस आधी केस विंचरून मगच त्यात पाहतो.

माध्यमिकला निकाल होता, पण तोही सरळ नव्हता. नववीचा निकाल शाळेच्या हातात, दहावीचा मंडळाच्या. कच्च्या मुलाला नववीत थांबवले तर नववीची टक्केवारी पडते. पुढे ढकलले तर दहावीची. तिसरी वाट म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. मुलगा खासगीरीत्या बसतो आणि शाळेच्या निकालातून निघून जातो. ही वाट २०१७ च्या आधीपासून होतीच, या अटीने तिला एक कारण जोडून दिले. पंचवीस मुलांच्या वर्गात ८० टक्के म्हणजे वीस मुले. तिथे एका मुलाचा ताप शिक्षकाच्या वेतनश्रेणीला भारी पडू शकतो.

निकालावर पैसे ही कल्पना तशी दीडशे वर्षांची. इंग्लंडमध्ये १८६२ पासून मुलाचे वाचन, लेखन, अंकगणित तपासून शाळेचे अनुदान ठरू लागले आणि त्याच दशकात मुंबई इलाख्यातही ती पद्धत आली. १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली. ज्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून रुजलेली नाही अशा गरीब, अशिक्षित लोकांसाठी ही पद्धत उपयोगाची नाही, त्यांच्यात शाळा काढून शिक्षकाचे पोट भरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे दोन्हीकडे ही पद्धत मोडीत निघाली.

अमेरिकेत हाच विचार संख्याशास्त्राच्या वेशात परतला. टेनेसी राज्याने १९९२ मध्ये मुलांच्या वर्षागणिक गुणवाढीचा हिशेब कायद्यात आणला. त्याचे गणित पशुपैदाशीच्या अभ्यासातून आलेले. २००९ पासून तिथल्या केंद्र सरकारच्या स्पर्धात्मक निधीने इतर राज्येही त्या वाटेला लागली आणि २०१० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वृत्तपत्राने सुमारे ६,००० शिक्षकांची अशी क्रमवारी नावानिशी छापली. २०१४ मध्ये तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच सांगितले की, बहुतेक अभ्यासांनुसार मुलांच्या गुणांतल्या चढउतारात शिक्षकाचा वाटा १ ते १४ टक्के. ह्यूस्टनमध्ये शिक्षक न्यायालयात गेले. आपला आकडा कसा निघाला हे त्यांना पडताळताच येत नव्हते. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथे तडजोड झाली आणि अशा न पडताळता येणाऱ्या आकड्यांवर नोकरी घालवायची नाही असे ठरले. आपला शासन निर्णय निघाला तोच हा महिना. तिथला वाद निदान वाढ मोजण्यावरून होता, आपण वाढीचे नाव घेऊन निकाल मोजत होतो.

मग २०१९ उजाडले. दहावीच्या भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले अंतर्गत (शाळेने द्यायचे) गुण त्या वर्षी काढून टाकले होते. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० वर आला. म्हणजे अख्खा महाराष्ट्र एक शाळा धरली असती, तर तिच्यातला एकही माध्यमिक शिक्षक वेतनश्रेणीला पात्र ठरला नसता. शाळा त्याच, शिक्षक तेच, बदलली होती ती मुख्यतः गुणपद्धती. २६ ऑगस्ट २०१९ च्या शासन निर्णयाने या अटी वगळल्या गेल्या. अंतर्गत गुण परतले आणि २०२० ला निकाल ९५.३० झाला, २०२१ ला परीक्षेविना ९९.९५. अट टिकली असती तर त्या वर्षी दहावीपुरते जवळपास सगळेच शिक्षक उत्तीर्ण!

उरले प्रशिक्षण. २० जुलै २०२१ च्या निर्णयानंतर ते ऑनलाइन झाले, दोन हजार रुपये भरून. मूल कुठे पोचले इथून सुरू झालेली गोष्ट व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला का इथे येऊन थांबली.

दरम्यान चाचण्या परत आल्या आहेत. २०२३ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचणीच्या नावाने पुन्हा पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे राज्याकडून येतात, वर्गावरचाच शिक्षक त्या तपासतो आणि गुण चॅटबॉटवर भरतो. एकाच मुलाच्या वर्षातल्या तीन नोंदी आता राज्याच्या संगणकात एका ओळीत बसतात.  आजवर हे गुण वेतनश्रेणीला जोडलेले नाहीत, त्यामुळे बारा पैकी चार गुण चार म्हणूनच भरण्यात शिक्षकाचे काही जात नाही. जोडले गेले, तर लाल पेन ज्याच्या हातात आहे त्याचाच पगार त्या पेनावर असेल.