वराहांच्या खाद्यवेळा

वराहपालनात डुकरांना दिवसातून किती वेळा, कोणत्या प्रहरी आणि किती मापाने खाद्य घालायचे याच्या बांधणीला खाद्यवेळापत्रक म्हणतात. खाद्य कोणते आहे याला जितके महत्त्व, तितकेच ते केव्हा पोटात जाते यालाही असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील तालुक्यांत लहान पालकाचे वेळापत्रक बहुधा खाणावळीतले किंवा लग्नकार्यातले उरलेसुरले अन्न हाती येण्याच्या वेळेवर ठरते, आणि पिल्लांची हगवण, कळपातली असमान वाढ यांसारख्या तक्रारींची सुरुवात पुष्कळदा तेथेच होते.

डुक्कर रवंथ करीत नाही. त्याचे जठर एकाच कप्प्याचे असून पूर्ण वाढलेल्या जनावरात त्यात साधारण ६ ते ८ लिटर अन्न मावते. पिष्ट आणि प्रथिने यांचे पचन मुख्यतः लहान आतड्यात काही तासांत उरकते. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात दिवसभर किंवा त्याहूनही अधिक काळ आंबत राहतो. उसाच्या वाड्यावर गाय-म्हैस तग धरते, डुक्कर धरत नाही, त्याचे कारण हेच. दिवसभराचे खाद्य एकदम ओतले तर ते नीट न पचता पुढे सरकते, मोठ्या आतड्यात आंबण्याचे प्रमाण वाढते आणि शेण पातळ होते.

दीर्घ उपासाचा धोका कमी लक्षात घेतला जातो. अन्ननलिका जठराला जेथे मिळते, तेथल्या छोट्याशा भागावर आम्लापासून वाचवणारा बुळबुळीत थर नसतो. पोट रिकामे राहिले, किंवा भरडा पिठासारखा बारीक दळला, की जठरातले आम्ल या भागापर्यंत पोहोचते आणि तेथे व्रण पडतो. डांबरासारखे काळे शेण आणि पांढुरकी पडलेली कातडी ही त्याची चिन्हे आहेत. काही जनावरे कोणतेही लक्षण न दाखवता अचानक दगावतात.

वाढीच्या दृष्टीने लायसिन या अमिनो आम्लाचे, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात त्या घटकांपैकी एकाचे, उदाहरण सर्वांत बोलके आहे. मक्यात लायसिन कमी असते. ती उणीव सोयापेंडीने, आणि तयार खाद्यात शुद्ध लायसिन मिसळून भरून काढतात. शुद्ध लायसिन रक्तात लवकर शोषले जाते, तर प्रथिनांत बांधलेली इतर अमिनो आम्ले सावकाश मोकळी होतात. सारे खाद्य दिवसातून एकदाच दिले, तर मांस घडवण्यासाठी या सर्वांची गाठ एका वेळी पडत नाही आणि लायसिनचा बराच भाग नुसता ऊर्जेसाठी जळतो. तेवढेच खाद्य अनेक हप्त्यांत दिल्यास त्याचा उपयोग वाढतो. मात्र दोन वेळा की त्याहून अधिक, या प्रश्नावर प्रयोगांचे निष्कर्ष सारखे नाहीत. डुकरे मुळात सकाळी आणि संध्याकाळी अधिक खातात, त्यामुळे वाढत्या जनावरांना रोज ठरलेल्या दोन वेळा पाळणे हेच लहान पालकाला सर्वांत झेपणारे आहे.

वयानुसार हे गणित बदलते. नवजात पिल्ले सुमारे तासातासाने पितात, कारण मादीला पान्हा फुटतो तो काही सेकंदांपुरताच. पहिल्या २४ तासांत चीक मिळाला नाही तर पुढे आतडे त्यातली रोगप्रतिकारक द्रव्ये शोषू शकत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून सुके पिल्लूखाद्य मूठमूठभर, ताजे, दिवसातून चार-पाच वेळा ठेवावे. दूध तोडणे ही खरी कसोटी आहे. या सुमारास आतड्याच्या आतले सूक्ष्म अंकुर आखूड होतात आणि पिष्ट पचवणारे पाचकरस अजून पुरेसे तयार झालेले नसतात. पिल्लू पहिला दिवस जवळजवळ उपाशी राहते, दुसऱ्या दिवशी अधाशासारखे खाते आणि तिसऱ्या दिवशी हगवण लागते. हा पहिला आठवडा थोडेथोडे करून चार ते सहा वेळा खाऊ घालण्यात घालवला, तर पुढचे पुष्कळ नुकसान टळते. गाभण मादीला, ११४ दिवसांच्या गर्भकाळात, रोज साधारण २ ते २.५ किलो खाद्य पुरते. तेव्हा जास्त चारलेली मादी व्यायल्यावर कमी खाते आणि पिल्लांना दूध अपुरे पडते. दूध पाजणाऱ्या मादीला मात्र खाईल तितके, तीन वेळा द्यावे.

सीमाभागात मक्याचा भरडा, तांदळाची कणी, कोंडा, सोयापेंड, साखर कारखान्यांची मळी आणि बेळगावच्या आसपासची रताळी असा खाद्याचा साठा हाताशी असतो. कच्चे सोयाबीन मात्र भाजल्याशिवाय घालू नये; त्यातले ट्रिप्सिनरोधक द्रव्य प्रथिनांचे पचन अडवते. खाणावळीचे अन्न उकळून घेणे अत्यावश्यक आहे, कारण मांसाच्या तुकड्यांतून रोग पसरतात. २०२० साली भारतात प्रथम आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर त्यांपैकीच एक. लग्नसराईत एका दिवशी डोण (खाद्य घालण्याचे लांबट भांडे) काठोकाठ आणि दुसऱ्या दिवशी कोरडी, असे होऊ नये यासाठी सकाळ-संध्याकाळ भरडा हाच पाया ठेवून उरलेले अन्न त्यावर मोजून घालावे. असे अन्न खारट असते; पाणी तुटले तर मीठबाधेने डुकरे झटके येऊन मरतात.

घमेल्याचा आवाज होताच कळप डोणीवर तुटून पडतो, दांडगे डुक्कर मध्ये उभे राहते आणि कडेचे किरकोळ पिल्लू दुसऱ्याच्या पाठीवरून तोंड घालू पाहते. मोठ्या डुकराला डोणीची सुमारे ३० सेंटिमीटर जागा मिळत नसेल, तर उत्तम वेळापत्रकही निम्म्या कळपापुरतेच राहते.

हवामानाप्रमाणे वेळा सरकवाव्या लागतात. डुकराला घाम जवळजवळ येत नाही आणि पचनातून अंगात उष्णता निर्माण होते. त्यामुळे अथणी-रायबागकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पहिले खाद्य उजाडण्याआधी आणि दुसरे दिवस मावळल्यावर द्यावे. खानापूरच्या पावसात ओल्या भरड्याला बुरशी लवकर धरते, म्हणून तासाभरात जेवढे संपेल तेवढेच कालवावे आणि डोण रोज धुवावी.

घाट उतरून गोव्याकडे पाठवायच्या जनावरांचे खाद्य गाडीत चढवण्यापूर्वी काही तास बंद करतात, नाहीतर भरल्या पोटी वळणांवर ती ओकतात व काही वाटेतच मरतात. पाणी मात्र शेवटच्या घटकेपर्यंत पुढ्यात ठेवतात.