वेगवेगळ्या सेक्टरच्या डिस्क एका पूलमध्ये? चालतात!

बडोद्याच्या दांडिया बाजारात मित्राचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे परवा पुन्हा तेच ऐकलं: ‘५१२ आणि ४०९६ बाइट सेक्टरच्या डिस्क झेडएफएस पूलमध्ये एकत्र घातल्या की डेटा गेलाच.’ (सेक्टर म्हणजे डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो सर्वांत लहान तुकडा; झेडएफएस म्हणजे अनेक डिस्क जोडून त्यांचा एकच साठा, म्हणजे पूल, करणारी फाइल सिस्टिम.) नाही हो, जात नाही.

खरी भानगड ‘अ‍ॅशिफ्ट’ नावाच्या आकड्याची. पूलमधल्या प्रत्येक डिस्कगटाचा हा आकडा गट बनवतानाच ठरतो, नंतर बदलत नाही. गट किती बाइटचा सेक्टर धरून लिहितो, ते तो २चा घात म्हणून सांगतो: ९ म्हणजे ५१२ बाइट, १२ म्हणजे ४०९६. १२ ठेवला की दोन्ही जातींच्या डिस्क सुखाने नांदतात.

गोची उलट्या बाजूला आहे. गट ९चा असेल, तर फक्त ४०९६ची भाषा बोलणारी डिस्क तो बदली म्हणून घेतच नाही. अफवेचं मूळ बहुधा या नकारात असावं. आत ४०९६ आणि बाहेर ५१२ सांगणारी डिस्क मात्र चालते, पण रखडते: ५१२ बाइट लिहायला आधी ४०९६ वाचायचे, तुकडा बदलायचा, मग चकती फिरून पुन्हा तिथे येईपर्यंत थांबायचं. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कवर एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांची!

मित्राचा गट निघाला ९चा. आता नवा पूल बांधून सगळी लग्नं तिकडे हलवणं आलं.